'पर्सी जॅक्सन' वाचताना मूळ ग्रीक कथा आधी सांगाव्यात की नंतर?

निशिगंध

नमस्कार. रिक रायर्डन यांच्या 'पर्सी जॅक्सन' मालिकेतले पहिले पुस्तक, म्हणजे २००५ साली आलेले 'द लायटनिंग थीफ', सध्या आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर वाचले जाते. माझा अकरा वर्षांचा मुलगा ते स्वतःचे स्वतः वाचू शकेल, परंतु सासूबाईंनाही ऐकायचे असल्यामुळे मी एकेक पान इंग्रजीत वाचून मराठीत सांगत जाते. ज्यांनी हे पुस्तक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रीक देव अजून आहेत, त्यांचे निवासस्थान ऑलिम्पस आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे (खऱ्या इमारतीला १०२ मजले आहेत), आणि एकामागून एक शाळांतून काढून टाकला जाणारा पर्सी नावाचा बारा वर्षांचा मुलगा हा समुद्रदेव पोसायडनचा पुत्र निघतो.

माझी अडचण विनोदाची आहे. लॉस एंजेलिसमध्ये पर्सी आणि त्याचे सोबती पाण्याच्या गाद्या विकणाऱ्या एका दुकानात शिरतात आणि दुकानाचा मालक त्यांना गादीच्या लांबीइतके ताणायला निघतो, तेव्हा मुलगा खो खो हसला, पण सासूबाईंनी विचारले, "ताणतो कशाला तो?" मी वाचन थांबवून प्रोक्रस्टीसची जुनी कथा सांगितली. ती संपेपर्यंत प्रसंगातली गंमत पार विझली होती आणि मुलगा माझ्यावर नाराज झाला. दुसऱ्या दिवशी मी काहीच सांगितले नाही, तर सासूबाई नाराज. मूळ कथा आधी सांगून ठेवाव्यात, नंतर सांगाव्यात, की सांगूच नयेत? ज्यांनी मुलांबरोबर ही पुस्तके वाचली आहेत त्यांनी कृपया अनुभव लिहावा.

हेमाडपंती

निशिगंधताई, माझ्या मते कथा नंतर सांगाव्यात, आणि त्याचे कारण या पुस्तकाच्या घडणीतच आहे. रायर्डन हे लेखक होण्यापूर्वी शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत असत. त्यांच्या मुलाला वाचनाची अडचण आणि लक्ष एका जागी न ठरण्याची अडचण अशा दोन्ही होत्या. त्याला ते रात्री ग्रीक कथा सांगत. त्या संपल्या तेव्हा मुलाने नवीन कथेचा हट्ट धरला आणि त्यातून पर्सीचा जन्म झाला. पर्सीलाही याच दोन अडचणी आहेत. त्याला इंग्रजी अक्षरे नाचताना दिसतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे, असे त्याला देवांच्या मुलांसाठी असलेल्या शिबिरात सांगितले जाते. सांगायचा मुद्दा असा की, ज्याने मूळ कथा ऐकल्या आहेत असा एक मुलगा समोर ठेवून ही कथा रचली गेली. तरीही लेखकाने प्रत्येक प्रसंग असा बांधला आहे की, मूळ माहीत नसणाऱ्याला तो नुसता विचित्र वाटून हसू यावे आणि मूळ माहीत असणाऱ्याला तो हुबेहूब वाटून हसू यावे. ही दोन हसू वेगळी आहेत. पहिले एकदाच येते, म्हणून ते मुलाकडून हिरावून घेऊ नये. दुसरे कधीही मिळवता येते.

तुमच्याच दुकानाचे उदाहरण घेऊ. प्लूटार्कने लिहिलेल्या ग्रीक वीर थीसियसच्या चरित्रात प्रोक्रस्टीस वाटसरूंना आपल्या पलंगाच्या मापाचा करतो आणि थीसियस त्यालाच त्याच्या पलंगाच्या मापाचा करून मारतो. पर्सी नेमके हेच करतो, म्हणजे दुकानदाराला गोड बोलून त्याच्याच गादीवर आडवा पाडतो. फरक इतकाच की, मूळ कथेत घरमालक आग्रहाने पाहुणचार करतो आणि इथे विक्रेता आग्रहाने माल खपवतो. लास व्हेगासच्या लोटस हॉटेलचेही तसेच. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या नवव्या सर्गात कमळासारखे फळ खाणारे खलाशी घर विसरतात आणि नायक ओडिसियस त्यांना रडत असताना ओढून गलबतावर आणतो. इथे मुले खेळांच्या यंत्रांत रमतात, काही तास झाले असे समजतात आणि बाहेर येतात तेव्हा पाच दिवस उलटलेले असतात. आत भेटलेल्या एका मुलाला तर अजून १९७७ सालच चालू आहे असे वाटत असते. फळाच्या जागी व्हिडिओ गेम ठेवल्याबरोबर आपल्या घरातलीच परिस्थिती दिसू लागते, त्यासाठी होमर वाचलेला असण्याची मुळीच गरज नाही.

आणखी एक गोष्ट. देवांची थट्टा हा आधुनिक लेखकाचा आगाऊपणा आहे असे सासूबाईंना वाटत असेल, तर त्यांना 'ओडिसी'चा आठवा सर्ग सांगावा. त्यात आंधळा गायक डेमोडोकस गातो की, लोहारदेव हिफेस्टसने आपली पत्नी अफ्रोडायटी आणि युद्धदेव आरेस यांना अदृश्य जाळ्यात पकडले आणि सगळ्या देवांना बघायला बोलावले. देव आले आणि त्यांना हसू आवरेना. (देवी मात्र लाजून घरीच राहिल्या.) पर्सीच्या पुस्तकात एका बंद पडलेल्या वॉटर पार्कमध्ये हेच जाळे पर्सी आणि त्याची सोबतीण ॲनाबेथ यांच्यावर पडते, आणि प्रसंगाचे थेट प्रक्षेपण ऑलिम्पसवर होते. लेखकाने भर घातली ती फक्त कॅमेऱ्याची. हसणारे देव होमरचेच आहेत. इ. स. पू. ४०५ मधले अरिस्टोफेनीसचे 'बेडूक' हे नाटक तर डायोनायसस देवाच्याच उत्सवात झाले आणि त्यात तोच देव पाताळाकडे जाताना भित्रा, गबाळा आणि मार खाणारा दाखवला आहे. त्यामुळे मद्याचा हा देव शिक्षा म्हणून मुलांच्या शिबिराचा संचालक झाला आहे आणि मद्याला बंदी असल्याने डाएट कोक पीत चिडचिड करतो आहे, हे पाहून अथेन्सच्या प्रेक्षकाला धक्का बसला नसता. त्याने फार तर कोक म्हणजे काय ते विचारले असते.

कोरा कागद

हेमाडपंती यांचे म्हणणे बहुतेक प्रसंगांना लागू पडते, पण मेड्युसाच्या, म्हणजे जिच्याकडे पाहणारा दगड होतो त्या राक्षसीच्या, बाबतीत मला ते पटत नाही. तिथे कथा आधी नाही आणि नंतरही सहज सांगता येत नाही, कारण कोणती सांगायची हाच प्रश्न असतो. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात मेड्युसा ही तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटीच मर्त्य आहे, पोसायडन तिच्याजवळ कुरणात येतो आणि शापाचा काही उल्लेख नाही. रोमन कवी ओव्हिड मात्र सांगतो की, समुद्रदेवाने अथीना देवीच्या मंदिरात तिच्यावर बळजबरी केली आणि देवीने शिक्षा केली ती मेड्युसालाच, तिच्या केसांचे साप करून. रायर्डन यांच्या पुस्तकात मेड्युसा पोसायडनची प्रेयसी होती आणि अथीनाने तिला शाप दिला, एवढेच येते. अकरा वर्षांच्या वाचकासाठी हा मार्ग काढला असेल तर मी त्याला दोष देत नाही. तरीही, न्यू जर्सीत बागेतले पुतळे विकणाऱ्या आणि मुलांना बर्गर खाऊ घालणाऱ्या या बाईच्या प्रसंगात नायकाचे वडीलच मूळ अपराधी आहेत, हे ठाऊक असलेल्या मोठ्या माणसाला मुलाच्या बरोबरीने निश्चिंतपणे हसता येत नाही. मी माझ्या मुलीला त्या वेळी काही सांगितले नाही, ती चौदा वर्षांची झाल्यावर सांगितले, आणि "मग पर्सीने तिचे डोके का कापले?" असे तिने विचारले तेव्हा माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते.

(पुढील मजकुरात पुस्तकाचा शेवट आहे, वाचन संपले नसेल तर हा परिच्छेद वगळावा.) लेखकाने याच मस्तकाचा शेवटी जो उपयोग केला आहे तो मात्र मला मुळापेक्षाही आवडला. जुन्या कथेत राजा पॉलिडेक्टीस पर्सियसच्या आईच्या मागे लागलेला असतो आणि मेड्युसाला मारणारा पर्सियस परत येऊन त्या मस्तकाने त्याचा दगड करतो. इथे पर्सीच्या आईला छळणारा सावत्र बाप आहे, पण पर्सी मस्तक आईच्या हवाली करून निर्णय तिच्यावर सोडतो. पुढे ती बाई पत्ते खेळणाऱ्या माणसाचा एक पुतळा विकून त्या पैशांतून महाविद्यालयात प्रवेश घेते. ही कथा सासूबाईंना आधी सांगितलीत तर शेवटच्या पानावर त्या तुमच्या मुलापेक्षा जास्त हसतील अशी माझी खात्री आहे.

पेंद्या

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण तो याच प्रश्नाशी जोडलेला आहे, कारण निशिगंधताई पुस्तक वाचत नसून सांगत आहेत. गंमत विझते ती पुष्कळदा कथेच्या अज्ञानामुळे नव्हे, तर भाषा बदलल्यामुळे. या पुस्तकातली मुले 'ओ माय गॉड' म्हणण्याऐवजी शेवटच्या शब्दाचे अनेकवचन करतात आणि इंग्रजी वाचक हसतो, कारण त्याच्या भाषेत देव एकच आहे. आपण "अरे देवांनो" म्हटले तर कोणी हसणार नाही. आपल्याकडे देव असंख्य असून आपण हाक मारतो ती एकवचनी, ही गंमत आपल्याला स्वतःची असूनही कधी दिसत नाही. त्याचप्रमाणे देवाला माणसापासून मूल होते या गोष्टीचे अमेरिकन मुलाला जे नवल वाटते ते आपल्या घरात वाटणार नाही, कारण कुंतीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. उलट, आपल्या मुलाला एक गोष्ट अमेरिकन मुलापेक्षा लवकर कळेल. शिबिरात ज्यांना कोणत्याच देवाने आपले म्हटलेले नाही अशी मुले हर्मीसच्या अकरा क्रमांकाच्या केबिनमध्ये दाटीवाटीने जमिनीवर झोपतात. तिथे थांबून "ही सगळी कर्णाची खोली आहे" एवढेच म्हणावे. पुढचे काही समजावावे लागत नाही.

काही कोट्या मात्र मराठीत नव्याने कराव्या लागतात. मेड्युसाच्या दुकानाच्या पाटीवर मालकिणीचे नाव 'आँटी एम' असे आहे आणि 'एम' हे मेड्युसाचे आद्याक्षर. मी माझ्या भाच्यांना ते दुकान "मे. मावशी आणि कंपनी" असे सांगितले होते, जुन्या दुकानांच्या पाट्यांवरचे मेसर्सचे 'मे.' थोरल्याला माहीत होते, त्यामुळे त्यातला मेड्युसाचा 'मे' बाहेर पडल्यावर त्याने टाळी दिली. एक विनोद तर देवनागरीत आपोआप उतरतो. पाताळाच्या नावाड्याच्या छातीवरचे नाव पर्सी चुकीचे वाचतो आणि त्याला आपल्या शिक्षकाच्या नावाने हाक मारतो. केरॉन आणि कायरॉन ही नावे मराठीत लिहून मुलाला दाखवा. या नावाड्याला महागडे इटालियन सूट आवडतात आणि पगारवाढ हवी आहे. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची मावशी कृष्णाशी आजच्या भाववाढीवर हुज्जत घालते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नावाड्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

हेमाडपंती

कोरा कागद यांचा मेड्युसाबद्दलचा आक्षेप मान्य. मी प्रसंगांच्या रचनेचाच विचार केला होता. नावाड्यावरून आठवले म्हणून एक भर घालतो. मृताच्या तोंडात नावाड्यासाठी एक नाणे ठेवण्याची चाल होती. 'बेडूक' नाटकात मात्र तो दोन ओबोल (ग्रीक नाणी) घेतो आणि शिवाय डायोनायसस देवालाच वल्ही मारायला लावतो. म्हणजे भाडेवाढ २००५ च्या पुष्कळ आधीच झालेली होती.

निशिगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुमच्या प्रतिसादांवरून घरात अशी व्यवस्था केली आहे की, सासूबाईंना मूळ कथा मी दुपारीच सांगून ठेवते आणि मुलाला रात्री काहीच सांगत नाही. मेड्युसाचा प्रसंग आमचा आधीच होऊन गेला होता, त्यामुळे तिची कथा फक्त सासूबाईंना सांगितली, तीही ओव्हिडची. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "अहल्येच्या गोष्टीतही दगड तीच झाली होती, इंद्र नाही."

काल आम्ही केरॉनपर्यंत पोहोचलो. मी दोन्ही नावे कागदावर लिहून दाखवली, मुलगा हसला, आणि दुपारी सगळे ऐकलेले असल्यामुळे सासूबाई त्याच्याही आधी हसल्या. आता त्याला संशय आला आहे की आजीला पुढचे सगळे माहीत असते, आणि आज शाळेतून आल्याबरोबर त्याने विचारले की, दुपारी तुम्ही दोघी काय बोलत असता.