विजेची गाडी घेतली म्हणून पाप फिटत नाही

उभा_पायी (धागाकर्ता)

कालच्या 'पेट्रोलला रामराम' या लेखावर प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढावा लागला. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सार: लेखकाने विजेची एसयूव्ही घेतली, आता त्यांचं प्रदूषण शून्य, आणि जे अजून पेट्रोल जाळतात त्यांना पुढच्या पिढ्या माफ करणार नाहीत. खाली अभिनंदनाची रांग.

गाडी घेतली याचं मला काही नाही. त्या शून्याने मात्र डोकं फिरलं.

सायलेन्सरमधून धूर येत नाही, शून्य काय ते तेवढंच. बॅटरी कारखान्यात बनते, तिथे ऊर्जा लागते. वीज कोळशाची असेल तर धूर फक्त तुमच्या गल्लीतून दुसऱ्याच्या गल्लीत गेला. टायर तर झिजतातच, आणि गाडी जड तेवढे जास्त झिजतात. टायर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन असतं. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्यातून जे तयार होतं ते पावसाबरोबर ओढ्यात गेलं की कोहो सामन मासे काही तासांत मरतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर अंडी घालायला आलेले मासे आधीच का मरतात, हे कोडं वर्षानुवर्षं अडलं होतं, ते २०२० मध्ये सुटलं. त्या माशाला गाडी पेट्रोलची की विजेची याच्याशी काय देणंघेणं?

आणि एसयूव्हीच का? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या एसयूव्ही होत्या. इंजिनं सुधारून जे वाचवलं त्यातलं बरंच आपण लोखंडाच्या वजनात घालवलं.

रस्त्यावर ही गाडी जागा तेवढीच अडवते. जागा कमी पडली की रस्ता रुंद होतो, रुंद झाला की आणखी गाड्या येतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला, सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ पदर झाले. काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. इंधन बदलायला हरकत नाही, पण आधी हे विचारा की साध्या साध्या कामांना गाडी काढावी का लागते. सकाळी शाळेच्या दारात उभं राहून बघा. दीड किलोमीटरवरून दीड टनाची गाडी, आत एक पोर आणि एक दप्तर.

व्होल्टभाऊ

तो लेख माझा. नाव घ्यायचीही तसदी घेतली नाहीत, धन्यवाद.

'शून्य' हे गाडी चालताना होणाऱ्या धुराबद्दल होतं, पण ठीक आहे, संपूर्ण आयुष्याचा हिशोब करू. आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये खाणीपासून भंगारापर्यंतचं गणित मांडलं. मध्यम आकाराच्या गाडीचं उत्सर्जन पेट्रोलच्या तुलनेत युरोपात ६६ ते ६९ टक्क्यांनी कमी, चीनमध्ये ३७ ते ४५ टक्क्यांनी कमी, भारतात १९ ते ३४ टक्क्यांनी कमी. कोळशाची वीज धरून! कारण साधं आहे, पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून उडवून देतं आणि मोटर तसं करत नाही. शिवाय आज घेतलेली विजेची गाडी ग्रिड सुधारत जाईल तशी आपोआप स्वच्छ होते. दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी दहा वर्षांनी अधिकच धुरकटते.

टायरचं मान्य. पण ब्रेकची भुकटी आमच्या गाड्यांत कमी असते, कारण वेग कमी करताना बराचसा भार मोटर उचलते. ते सोयीस्कर विसरलात.

नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेवरच्या. देश बंद पडला नाही. तुम्ही स्वतः काय चालवता तेही सांगा.

तिरकस

नॉर्वे! बहुतेक वीज जलविद्युत, तिजोरी भरलेली तेल आणि वायू विकून. स्वतः तेल विकायचं, इतरांना जाळू द्यायचं, आणि त्या पैशातून स्वतःच्या नागरिकांना गाड्यांवर करमाफी. हा आदर्श सगळ्यांनी घ्यायचा तर सगळ्यांनी तेल विकायचं कुणाला?

शेवटचा_थांबा

दोन्ही बाजूंना हात जोडून विनंती, ज्यांच्या दारासमोरून बस जाते त्यांनी 'गाडी का काढावी लागते' हा प्रश्न विचारू नये. आमच्याकडे शेवटची बस अंधार पडायच्या आत निघते. वडिलांना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसला न्यावं लागतं. परत यायला बस नाही. रिक्षावाला अवाच्या सवा मागतो. मग जुनी डिझेल गाडी घेतली, तीही कर्ज काढून. आता मी पापी का?

आणि दिवसा ज्या बस धावतात त्यात चालक, वाहक आणि मागच्या बाकावर झोपलेला एक माणूस. ती रिकामी बस पर्यावरणाचं काय भलं करते ते कुणीतरी सांगावं.

बे_एके_बे

सांगतो. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचे २.७ किलोच्या आसपास. मोटार लिटरला १५ किमी देते धरा, म्हणजे किलोमीटरला दीडशे ग्रॅम. मोठी बस लिटरला साडेतीन देते धरा, म्हणजे पावणेआठशे ग्रॅम. पाच माणसं, प्रत्येकी एक मोटार, विरुद्ध तीच पाच माणसं एका बसमध्ये: बरोबरी. सहावा चढला की बस पुढे. तुमची तीन डोक्यांची बस खरंच हरते, त्यातले दोघे तर पगारी.

पण बस रिकामी आहे म्हणून फेऱ्या कमी केल्या की ती आणखी रिकामी होते. दोन तासांनी एक बस असेल तर बसवर भरवसा ठेवून कोण नोकरी करेल? फेऱ्या आधी वाढतात, माणसं नंतर येतात, आणि मधल्या काळाचा तोटा कुणीतरी सोसावा लागतो. तो कुणाला सोसायचा नाही, हे खरं दुखणं आहे.

व्होल्टभाऊ

तोटा सोसूनही उपयोग होतोच असं नाही. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ पासून रहिवाशांना बस-ट्राम फुकट केली. नव्याने बसमध्ये चढले ते बरेचसे आधी चालत जाणारे. गाडीवाले गाडीतच राहिले.

उभा_पायी

कारण नुसतं गाजर दाखवून गाडीवाला हलत नाही. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून पाहिलं. आधी लोकांचा कडाडून विरोध. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने घटली, मग तिथल्याच लोकांनी मत देऊन ते ठेवून घेतलं, २००७ पासून कायम आहे. लंडनचं २००३ पासून आहे, सिंगापूर तर १९७५ पासून पैसे घेतंय. पण हे म्हटलं की 'गरिबावर अन्याय' म्हणून तेच ओरडतात ज्यांच्या घरी तीन गाड्या आहेत.

मी काय चालवतो? पाय आणि बस. झालं समाधान?

दोन_पोरांची_आई

धागाकर्त्याच्या शाळेच्या दारातल्या टोमण्यावर लिहायला खास लॉगिन केलंय. तो दीड टन माझाच समजा.

मी हौसेने सोडत नाही. फूटपाथ आहे, त्यावर गाड्या लावलेल्या असतात. जिथे ओलांडायचं तिथे वळणावरून गाड्या वेग न कमी करता येतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला शाळेच्या अगदी जवळ धक्का बसला, पाय मोडला, वर्ष वाया गेलं. त्यानंतर माझ्या लेकराला मी एकटं चालत पाठवणार नाही. मग माशांवर लेख लिहा नाहीतर देवमाशांवर.

उभा_पायी

ताई, त्या वळणावरून वेगाने येणाऱ्या गाड्या कुणाच्या असतात? सकाळी त्या वेळेला तिथे दुसरं कोण येतं? मुलांना गाड्यांपासून वाचवायला पालक गाडी आणतात, त्यामुळे गाड्या वाढतात, म्हणून उरलेले पालकही गाडी आणतात. आणि फूटपाथवर लावलेली गाडी तरी कुणाची?

दोन_पोरांची_आई

व्वा! म्हणजे दोष आईचा. माझी गाडी मी फूटपाथवर लावत नाही, हे लिहून ठेवा. सकाळी उठून दोन डबे, एकाचं दप्तर, दुसऱ्याचा हरवलेला बूट, मग स्वतःचं ऑफिस, हे सगळं उरकून जी बाई गाडीत बसते तिला पर्यावरण शिकवायचं. रस्ता ज्यांनी बांधला त्यांना विचारायची छाती नाही. तुमची मुलं शाळेत कशी जात होती?

उभा_पायी

चालत.

दोन_पोरांची_आई

पंचवीस वर्षांपूर्वी. रिकाम्या रस्त्यावरून. अहो काका, तो रस्ता आता नाही.

भर_दुपारी

ताईंना +१. आणि फक्त गाड्यांचा प्रश्न नाही. माझी मुलगी बसने जायची. बसमधल्या गर्दीत तिला जो अनुभव आला त्यानंतर तिला स्कूटर घेऊन दिली. सार्वजनिक वाहतुकीचे गोडवे गाणाऱ्यांत पुरुष किती आणि बायका किती, ते एकदा मोजून बघा.

तिरकस

धागा वाहतुकीच्या प्रदूषणावर होता म्हणे. आता तो शाळेच्या फाटकात अडकलाय, मागे हॉर्न वाजतायत.

बे_एके_बे

अडकू द्या, इथेच बरं चाललंय. नेदरलँड्सच्या सायकलींचं कौतुक सगळे करतात, पण तो देश जन्मजात सायकलवाला राहिला नव्हता. युद्धानंतर तिथेही गाड्याच गाड्या झाल्या. १९७१ मध्ये रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाचं होतं. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि सरकारला सायकलमार्ग सुचले. म्हणजे त्यांची सुरुवात कार्बनपासून झालीच नाही, झाली ती ताई म्हणतायत त्या भीतीपासून. उत्सर्जन कमी झालं ते वरकड.

दुसरं, इटलीतल्या बोल्झानोने १९८०च्या दशकाच्या अखेरीस शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ता गाड्यांना बंद करायला सुरुवात केली. नंतर लंडन-पॅरिसने हेच शेकडो शाळांपुढे केलं. पूल नको, मेट्रो नको. एक अडथळा, तो लावायला-काढायला एक माणूस, आणि रोजचा थोडा वेळ.

दोन_पोरांची_आई

आणि ज्यांचं घर लांब आहे त्यांनी काय करायचं?

बे_एके_बे

थोडं अलीकडे सोडायचं आणि उरलेलं पोरासोबत चालत जायचं. फाटकासमोर दोन-दोन रांगांत इंजिन चालू ठेवून उभं राहण्यापेक्षा वेळ कमीच लागेल. चालू इंजिनाचा धूर सगळ्यात आधी जातो तो बाजूने चालणाऱ्या पोराच्या नाकात, कारण त्याचं नाक सायलेन्सरच्या उंचीला जास्त जवळ असतं.

मालवाहू

तुम्ही सगळे मोटार-बसवर भांडताय. मी ट्रकवर उमर काढली. रस्त्यावरच्या वाहतुकीच्या उत्सर्जनात ट्रक आणि बसचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे, गाड्यांची संख्या मात्र मोटारींपुढे किरकोळ. ट्रक कसे धावतात माहीत आहे? माल उतरवला की रिटर्न भाडं मिळेल याचा भरवसा नाही. रिकामा ट्रक डिझेल जाळत परत. पूर्वी पार्टी म्हणायची, चार दिवसांत पोचव, मग दोन ठिकाणचा लोड एकत्र करायचो. आता उद्याच पाहिजे. अर्धी गाडी भरते न भरते तोच निघायचं. तुम्ही मोबाइलवर 'आजच घरपोच'ला बोट लावता ना, त्याचं डिझेल आम्ही जाळतो आणि शिव्याही आम्हीच खातो.

जहाजांचंही तेच. वेग दहा टक्के कमी केला तर त्याच अंतराला इंधन साधारण पाचव्या हिश्श्याने वाचतं. नवं यंत्र लागत नाही, फक्त गिऱ्हाइकाने थांबायला पाहिजे. ते मात्र जमत नाही.

व्होल्टभाऊ

मालवाहू यांच्याशी सहमत, पटण्यासारखं लिहिलंय.

धागाकर्त्यांना मात्र एक आठवण. पाय आणि बस म्हणालात. गेल्या वर्षी इथेच तुमची परदेशवारीची फोटोमालिका होती, दुसऱ्या खंडातली. लांब पल्ल्याचं जाऊन-येऊन विमान म्हणजे एका प्रवाशामागे दीड टनाच्या घरात. बे_एके_बे यांच्याच दराने माझी जुनी पेट्रोल गाडी तेवढ्यात दहा हजार किलोमीटर पळाली असती. तुमचे पाय वर्षभर चालले आणि एका तिकिटात सगळं फिटलं.

उभा_पायी

मुलगी तिकडे राहते. तिला भेटायला बस जात नाही.

व्होल्टभाऊ

मलाही तेच म्हणायचं होतं. प्रत्येकाची एक मुलगी असते जिथे बस जात नाही. शेवटचा_थांबा यांचं डायलिसिस, ताईंची शाळा, तुमचं विमान. मग माझ्या गाडीवरच एवढं का?

उभा_पायी

कारण मी विमानातून उतरून 'शून्य' असा लेख लिहिला नव्हता.

बरं, आयसीसीटीचे आकडे मी पाहिले. पेट्रोलपेक्षा विजेची बरी, मान्य. लहान घेतली असतीत तर आणखी बरी. एवढ्यावर मिटवा.

शेवटचा_थांबा

मिटवताय ते छान. माझ्या बसचं काय झालं? टॅलिन झालं, स्टॉकहोम झालं, समुद्रात जहाजंही हळू झाली. उद्या पुन्हा वडिलांना न्यायचंय.

तिरकस

तुमचं कुणीच काही करणार नाही. व्होल्टभाऊंकडे मागच्या सीटवर जागा असेल, विचारून बघा.

व्होल्टभाऊ

थट्टेत म्हणालात, पण शेवटचा_थांबा, तुम्ही कोणत्या भागात राहता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जवळ असाल तर परतीचं बघू.

दोन_पोरांची_आई

तो शाळेपुढे अडथळा लावायचा प्रकार पुढच्या पालकसभेत मांडते. पटलंय असं समजू नका, पण दुसरं काही सुचत नाहीये. 'ज्यांना आमच्या गाड्या फार खुपतात ते काका सकाळी अडथळा धरून उभे राहायला तयार आहेत' असंही सांगणार आहे. वेळ सव्वासातची. काका, येताय ना?

उभा_पायी

पहिली बस साडेसातला आहे.