मदत हवी आहे: आर्थर रॅन्समच्या 'स्वॅलो'चं पाण्यात चालणारं मॉडेल

इंग्रजी लेखक रॅन्समवरच्या (1884–1967) बालकार्यशाळेसाठी त्याच्या 1930 च्या 'स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' या मुलांच्या कादंबरीतल्या 'स्वॅलो' आणि 'अ‍ॅमेझॉन' या दोन्ही होड्या बाल्सा लाकडात करायच्या आहेत. शिडाच्या होड्या आणि गळाची मासेमारी हे त्याचे जन्माचे छंद, त्यामुळे पुस्तकातला तपशील नेमका आहे. 'स्वॅलो' तेरा-चौदा फुटी, एकच तपकिरी शीड, तळाला जेमतेम सहा इंच खोल कील (होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळाला लांबीभर असलेली उभी पट्टी). 'अ‍ॅमेझॉन'ला कीलऐवजी वरखाली करता येणारी, पाण्यात खोल जाणारी फळी, म्हणून ती वारा येतो त्या दिशेच्या जास्त जवळून जाते. मुलांना हाच फरक दाखवायचा आहे.

घोडं अडलंय ते मापावर. 1:12 ला, म्हणजे बारापट लहान केली, तर होडी साधारण 34 सेंमी, कील फक्त 1.3 सेंमी. वारा मात्र लहान होत नाही! होडीला उलटवणारा जोर 12 च्या घनाने घटतो, सावरणारा 12 च्या चौथ्या घाताने. त्यामुळे तळात शिसं घालूनही ती झुळकीसरशी आडवी होते.

कीलखाली खोल फळी जोडली तर ती सरळ राहील, पण मग दोन होड्यांतला फरकच पुसला जाईल. त्याऐवजी बारीक तारेच्या टोकाला शिसं लावलं तर? तार पाणी अडवणार नाही, वजन तेवढं खाली जाईल. कोणी करून पाहिलंय का? तार किती लांब, शिसं किती ग्रॅम? की सरळ शीडच लहान करावं?