आधी पेडल मऊ की कडक ते सांगा

ट्रॅकवर चार-पाच लॅपनंतर गाडीचा ब्रेक नीट लागत नाही आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) हळू शिरताना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, उगाच थरथरतं, असं तुम्ही लिहिलंय. मला हे दोन वेगळे बिघाड वाटतात.

पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल, तर ब्रेक पॅड झेपेल त्यापेक्षा जास्त तापतायत. ट्रॅकसाठीच्या, जास्त उष्णता सोसणाऱ्या कंपाउंडचे (मिश्रणाचे) पॅड घ्या. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक फ्लुइड उकळतंय. डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू ताजेपणी २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १५५. म्हणून ब्रँडपेक्षा फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते महत्त्वाचं. गाडी थंड असतानाही पेडल स्पंजी असेल, तर एबीएस युनिटमध्ये हवा अडकलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी-यंत्राने) युनिटमधले व्हॉल्व्ह चालवूनच निघते.

आता थरथर. डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा न लागता हळू वेगात एबीएस जागं होणं ही बहुतेकदा चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या कमजोर सिग्नलची खूण. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लाइव्ह पाहत गाडी सरळ रेषेत सावकाश थांबवा. जे चाक इतरांआधी शून्यावर जातं, तिथेच शोधा. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस, सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो त्या रिंगला गेलेला तडा, ढिलं बेअरिंग.

आणि कृपया एबीएसचा फ्यूज काढून ट्रॅकवर जाऊ नका. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) जातं, आणि जोरात ब्रेक मारताच मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात.