आयकरात सामानाची किंमत शून्य, मग काउंटीच्या ५७१-एलवर काय लिहायचं? (कॅलिफोर्निया)

प्रश्न: फ्रीमाँटमध्ये बेकरी आहे. ओव्हन, मिक्सर, वॉक-इन कूलर मिळून सामान १,३०,००० डॉलरचं. फेडरल रिटर्नमध्ये कलम १७९ खाली सगळं पहिल्याच वर्षी खर्ची टाकलं. आता असेसरचा (मालमत्तेचं मूल्य ठरवणारा काउंटीचा अधिकारी) ५७१-एल, म्हणजे धंद्याच्या सामानाची माहिती देण्याचा फॉर्म, आलाय. शून्य लिहिलं तर चालेल ना?

उत्तर १: अजिबात नाही. आयकराचा घसारा इथे कुणी विचारत नाही. ज्या वर्षी वस्तू घेतली त्या वर्षासमोर मूळ किंमत लिहायची, तीही सेल्स टॅक्स, वाहतूक आणि बसवणीचा खर्च धरून. असेसर त्यावर किंमतवाढीचा निर्देशांक लावून आजची नवी किंमत काढतो आणि वयानुसार 'पर्सेंट गुड'ने (वस्तूची किती टक्के किंमत उरली) गुणतो. समजा ४०,०००चा ओव्हन, निर्देशांक १.२, पर्सेंट गुड ६०. म्हणजे ४८,०००चे ६० टक्के, २८,८००. एकूण दर १.२ टक्के धरला तर कर ३४५ डॉलरच्या आसपास. (आकडे फक्त समजण्यापुरते, खरे तक्ते दरवर्षी बदलतात.) घरा-जमिनीचं करमूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढू न देणारी प्रॉप १३ या कायद्याची मर्यादा यंत्रांना नाही, १ जानेवारीला दरवर्षी नव्याने मोजणी.

उत्तर २: मैदा, साखर, गिऱ्हाइकाबरोबर जाणारे खोके हा विक्रीचा माल, तो करमुक्त. साफसफाईचं सामान, बिलांचे रोल मात्र 'सप्लाईज'मध्ये, त्यावर कर लागतो. भाड्याचं यंत्र तुमच्या खर्चात धरू नका, मालकाच्या नावासकट वेगळ्या भागात दाखवा. कूलर पक्का बसवलेला असेल तर जागामालकाशी बोला. त्याच्या मालमत्ता कराच्या बिलात तो आधीच असला तर एकाच कूलरवर दोनदा कर बसतो.

प्रश्नकर्ता: २०१६चा एक मिक्सर नोव्हेंबरात भंगारात दिला. तो चालू वर्षाच्या रकमेतून वजा करू?

उत्तर १: नको, २०१६च्याच ओळीतून. चालू वर्षातून काढलात तर नव्या वस्तूची किंमत कमी दिसते आणि गेलेला मिक्सर यादीत तसाच राहतो. जास्तीचा कर बहुतेक अशाच भुतांवर भरला जातो. भंगाराची पावती जपून ठेवा, ऑडिटमध्ये मागतात.

उत्तर ३: मुदत १ एप्रिल. ७ मेनंतर १० टक्के दंड, म्हणजे ठरलेल्या मूल्यात दहा टक्के भर पडते आणि कर त्या वाढलेल्या मूल्यावर लागतो! सामान १,००,०००च्या खाली असलं तरी असेसरने फॉर्म मागितला तर भरावाच लागतो. बिल साधारण जुलैत येतं, ३१ ऑगस्टपर्यंत भरायचं. १ जानेवारीला सामान ज्याचं, बिल त्याचं. फेब्रुवारीत बेकरी विकली तरी.