ओतप्रोत : ओतण्यातून की विणण्यातून?

प्रश्न :
एका स्मरणिकेची मुद्रिते तपासताना ‘करुणेने ओतप्रोत भरलेले मन’ हे शब्द समोर आले. ‘ओतप्रोत’ म्हणजे काठोकाठ, जणू वरून ओतून भरलेले, असेच मी आजवर समजत आलो. परंतु हा शब्द मुळात विणकामातला आहे, असे एका सहकाऱ्यांनी सांगितले. तसे असेल, तर पुढचे ‘भरलेले’ चूक ठरते काय?

उत्तर १ :
आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. ‘ओतणे’ या क्रियापदाशी या शब्दाचे नाते नाही. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे. त्यापासून ‘उत’ म्हणजे विणलेले, आणि त्यालाच ‘आ’ व ‘प्र’ हे उपसर्ग लागून ‘ओत’ आणि ‘प्रोत’ ही रूपे झाली. बृहदारण्यकोपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, की हे सर्व जर पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे. आणि असे एकेक पाऊल मागे जात ती थेट ब्रह्मलोकापर्यंत पोहोचते. तिच्या डोळ्यांपुढे भरलेले भांडे नाही, वस्त्र आहे.

हातमागाजवळ थोडा वेळ उभे राहिले, की हा अर्थ उलगडतो. ताण्याचे उभे धागे आधीच ताणून बसवलेले असतात. ‘वही’ या मागाच्या भागाने त्यांतले एकाआड एक धागे उचलले, की मधल्या फटीतून धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन आरपार जातो आणि फणी तो ठोकून घट्ट बसवते. त्यानंतर बाणा उसवून काढला, तर हाती कापड राहत नाही, नुसते सुटे धागे राहतात.

उत्तर २ :
यात एक भर घालतो. ओत उभा की आडवा, याविषयी शंकराचार्यांनी भाष्यात उभ्या धाग्याला ओत आणि आडव्याला प्रोत म्हटले आहे, पण लगेच ‘विपरीतं वा’, म्हणजे याच्या उलटही चालेल, असे जोडले आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात ‘सूत्रे मणिगणा इव’, म्हणजे दोऱ्यातल्या मण्यांप्रमाणे, या उपमेबरोबर एकटा ‘प्रोत’ येतो; तेथे त्याचा अर्थ ओवलेले असा आहे.

उत्तर ३ :
‘ओतप्रोत भरलेले’ हा प्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की त्याला अशुद्ध म्हणणे मला पटत नाही. तरीही मुद्रित माझ्या हाती असते, तर मी ‘भरलेले’ काढले असते, कारण ‘करुणेने ओतप्रोत मन’ एवढ्यानेच करुणा त्या मनाच्या धाग्याधाग्यात आहे, हे कळते.

प्रश्नकर्ता :
आपणा सर्वांचा आभारी आहे. लेखकांना विचारून ‘भरलेले’ गाळतो.