नुसतं फायबरचं कवच नव्हे

जुन्या गाडीची रेप्लिका, म्हणजे नक्कल, ही वरून फायबर आणि आत हाताला लागेल ते इंजिन, असं एकांनी लिहिलंय. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या बऱ्याच नकलांबाबत खरंय ते. पण जॅग्वारनं 1963 साली ठरवलेल्या 18 लाइटवेट ई-टाइपपैकी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम पत्र्याच्या हलक्या रेसिंग गाड्यांपैकी, 12च झाल्या होत्या. उरलेल्या 6 बांधायचं 2014 साली ठरलं, तेव्हा जुनी बॉडी स्कॅन करून एकच बाजू नीट केली आणि तीच पलटून दुसरीकडं वापरली. म्हणजे नक्कल अस्सलापेक्षा सरळ!

पत्र्याचं जमतं ओ, ओतकामाचं दुखणं वेगळं. आमचं बेळगावात उद्यमबागेत पॅटर्नचं, म्हणजे वाळूत साचा उठवायला लागणाऱ्या नमुन्यांचं, छोटं शॉप आहे. निपाणीकडचे एक काका जुन्या मोटारसायकलचं तडकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर घेऊन आले. "हेच वाळूत दाबून ओता की," म्हणाले. ओतलं. एका टोकाचं भोक स्टडवर (आट्यांच्या खुंटीवर) बसलं, वीतभर लांबचं दुसरं अडीच मिलिमीटर आत! धातू गार होताना आकसतो, अ‍ॅल्युमिनियम साधारण 1.3 टक्के, बीड (ओतीव लोखंड) 1 टक्का. म्हणून पॅटर्न तेवढा वाढवूनच करतात, त्याची मोजपट्टीही वेगळी असते. जुन्या इंजिनाचा हुबेहूब ब्लॉक देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, पॅटर्न ड्रॉइंगवरून केला की जुन्या ब्लॉकवरून.