आठवड्यातून एकदाच इंटरनेट मिळत असेल, तर अभ्यासाचे व्हिडिओ पाहण्यासाठी आणि उतरवून घेण्यासाठी कोणते मोफत सॉफ्टवेअर वापरावे?

पाटणची अभ्यासिका (प्रश्न)

नमस्कार. पाटण तालुक्यातील आमच्या गावात एक लहान अभ्यासिका आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पंधरा-वीस मुले-मुली तेथे रोज बसतात. गावात मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीजवळच मिळते, तीही पावसाळ्यात भरवशाची नसते. मी दर शनिवारी कामानिमित्त साताऱ्याला जातो. तेथे मावसभावाच्या घरी ब्रॉडबँड असल्यामुळे व्याख्यानांचे व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हवर गावी आणावेत, असे ठरवले आहे.

गेल्या वर्षी शोधयंत्रात सर्वांत वर दिसलेला एक मोफत डाउनलोडर मी घेतला होता. त्याने ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलले, जाहिरातींच्या खिडक्या सुरू झाल्या आणि शेवटी विंडोज नव्याने टाकावे लागले. मुलांचे दोन दिवस त्यात गेले, याची मला अजूनही खंत वाटते. अभ्यासिकेतील संगणक जुना आहे (४ जीबी रॅम, विंडोज १०). पाहण्यासाठी आणि उतरवण्यासाठी विश्वासाचे असे काय वापरावे, आणि असे व्हिडिओ उतरवणे नियमाला धरून आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

विश्रामबाग, सांगली

नमस्कार सर. माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे आणि आपण सांगितलेली तक्रार घेऊन महिन्यातून दोन-तीन जण तरी येतात. 'मोफत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. काही सॉफ्टवेअर केवळ फुकट असते आणि त्याचा खर्च जाहिरातींतून किंवा आपल्या माहितीतून वसूल होतो. काही सॉफ्टवेअर मुक्त असते, म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांसमोर असतो आणि कोणालाही तो तपासता येतो. आपण दुसऱ्या प्रकारातीलच घ्यावे.

पाहण्यासाठी व्हीएलसी पुरेसे आहे. १९९६ मध्ये पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून ते घडले आणि २००१ पासून ते मुक्त परवान्याखाली मिळते. ते केवळ व्हिडिओलॅन या त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. २०२२ मध्ये कित्येक महिने ते संकेतस्थळ भारतात उघडत नव्हते, तेव्हा लोकांनी मिळेल तेथून प्रती घेतल्या आणि त्यांतील काही संगणक पुढे माझ्याच टेबलावर आले.

उतरवण्यासाठी वायटी-डीएलपी घ्यावे. २००६ पासून चालत आलेल्या यूट्यूब-डीएल या प्रकल्पाची ती शाखा असून यूट्यूबखेरीज शेकडो संकेतस्थळांवर ती चालते. तिला स्वतःची खिडकी नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागतात. ते अवघड वाटल्यास पॅराबोलिक हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे. आतून ते वायटी-डीएलपीच वापरते, पण दुवा चिकटवून बटण दाबले की काम होते. थेट वायटी-डीएलपी वापरणार असाल, तर सोबत एफएफएमपेग अवश्य टाकावे. यूट्यूबवर वरच्या दर्जाचे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या प्रवाहांत ठेवलेले असतात आणि त्यांना एकत्र जोडण्याचे काम एफएफएमपेग करते. 'आवाजच येत नाही' अशी तक्रार ऐकली की मी प्रथम हेच तपासतो.

यूट्यूब आपली रचना वारंवार बदलत असते, त्यामुळे गेल्या महिन्यात चाललेली आवृत्ती या महिन्यात अडू शकते. म्हणून साताऱ्याला पोहोचल्यावर आधी अद्ययावत आवृत्ती घ्यावी आणि मगच दुवे द्यावेत.

कराडहून

मी महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नापुरतेच लिहिते. सॉफ्टवेअर मुक्त असले, म्हणून त्यातून उतरवलेला प्रत्येक व्हिडिओ मुक्त होत नाही. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः दिलेल्या डाउनलोडच्या सोयीखेरीज, परवानगीविना व्हिडिओ उतरवता येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधन यांसाठी उचित वापराची सवलत आहे, परंतु एक प्रत वीस जणांना दाखवणे हा खासगी वापर आहे असे मी म्हणणार नाही.

यावरचा मार्ग मात्र सोपा आहे. यूट्यूबच्या शोधात क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (निर्मात्याने इतरांना वापराची मुभा आधीच दिलेली असते, त्या परवान्याची) चाळणी लावता येते. आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवता येतात. ज्या शिक्षकांचे व्हिडिओ मुलांना हवे आहेत, त्यांना अभ्यासिकेच्या नावाने सरळ पत्र लिहावे. मी आतापर्यंत दोघांना लिहिले आणि दोघांनीही आनंदाने लेखी परवानगी दिली. एकांनी तर टिपणेही पाठवली.

पाटणची अभ्यासिका

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. तीन शिक्षकांना पत्रे पाठवली आणि एकांचा होकारही आला. त्यांचे व्हिडिओ काल पॅराबोलिकने उतरवून आणले, परंतु दोन अडचणी आल्या. अभ्यासिकेतील संगणकावर चित्र अडखळत चालते आणि आवाज पुढे निघून जातो. शिवाय एका दिवसभराच्या कार्यशाळेची साडेपाच जीबीची फाइल, पेनड्राइव्हवर जागा असूनही, त्यावर जातच नाही.

विश्रामबाग, सांगली

पहिल्या अडचणीचे मूळ बहुधा कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीत आहे. नवे व्हिडिओ अनेकदा एव्ही१ किंवा व्हीपी९ या पद्धतींनी दाबलेले असतात. त्यांची उकल करणारी सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नसते, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. उतरवताना एच.२६४ ही जुनी पद्धत निवडावी आणि दर्जा ४८०पी ठेवावा. फळ्यावरील अक्षर नीट लिहिलेले असेल, तर तेवढ्यात सहज वाचता येते. अशा व्हिडिओचा वेग सेकंदाला ५०० किलोबिट धरला, तर तासाभराचे व्याख्यान सुमारे २२५ एमबीमध्ये बसते, म्हणजे शनिवारी आपला वेळही वाचेल.

दुसरी अडचण पेनड्राइव्हच्या फॉरमॅटची आहे. तो एफएटी३२ असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर ठेवता येत नाही. आतील सर्व काही दुसरीकडे उतरवून तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करावा.

आणखी एक गोष्ट सुचवतो. विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्यतन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आहे. त्या संगणकावर केवळ व्हिडिओ पाहायचे असतील, तर त्याला इंटरनेटपासून दूरच ठेवावे, किंवा विंडोजच्या जागी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची हलकी आवृत्ती टाकावी. व्हीएलसी तेथेही तसेच चालते. कधी सांगलीला येणे झाले, तर संगणक सोबत आणावा. लिनक्स मी टाकून देईन आणि अभ्यासिकेचे काम असल्यामुळे त्याचे पैसे घेणार नाही.